खोक्यावरचे आकडे आणि हातातला फोन

इंदूरमध्ये जेल रोडवरच्या कुठल्याही मोबाईलच्या दुकानात जा, काउंटरमागचा मुलगा आधी आकडे म्हणून दाखवतो. ८ जीबी रॅम, ५० मेगापिक्सेल कॅमेरा, ५,००० एमएएच बॅटरी, १२० हर्ट्झचा डिस्प्ले, आणि हे सगळं बारा-तेरा हजारांत. आता त्याच्या शेजारी २०२१ साली आलेला आयफोन १३ ठेवा. रॅम ४ जीबी, कॅमेरा १२ मेगापिक्सेल, बॅटरी साधारण ३,२४० एमएएच, डिस्प्ले ६० हर्ट्झ. कागदावर सामना एकतर्फी आहे. चारही आकड्यांत स्वस्त फोन पुढे, कुठे दीडपट, कुठे दुप्पट, कुठे चौपट.

आणि तरीही दोन्ही फोन थोडे दिवस वापरलेल्या माणसाला विचारलं की झटपट कुठला वाटतो, फोटो कुठल्यातून बरे येतात, तर तो बहुतेक वेळा जुन्या आयफोनकडे बोट दाखवतो.

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न दर दिवाळीला नव्याने निघतो. लेक-सून पुण्याला नाहीतर बंगलोरला असतात. त्यांनी नवा फोन घेतला की जुना आई-बाबांकडे येतो. त्याच वेळी बाबांचं म्हणणं असतं, "कुणाचा वापरलेला कशाला? जेल रोडवरून नवा घेऊ की." आमच्या काकांनी नवाच घेतला. काकूने मात्र दादाचा जुना आयफोन १३ ठेवून घेतला. आता एकाच घरात दोघांचे दोन फोन आहेत आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर कुणाचा फोन चांगला यावर वाद आहे.

आकडे खोटे नसतात. फक्त ते सांगतात की फोनच्या पोटात काय आणि किती आहे. आपल्याला दिवसभर जाणवत राहतो तो फोनने लावलेला उशीर, आणि उशीर कुठल्याच खोक्यावर छापलेला नसतो.

रॅमपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा आणि स्टोरेज म्हणजे फडताळ. ओटा मोठा असला की एका वेळी जास्त भांडी मांडून ठेवता येतात, हे खरं. पण रोजच्या घाईत दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या ठरतात. फडताळातला डबा ओट्यावर यायला किती वेळ लागतो, आणि स्वयंपाक करणारं माणूस पसारा किती करतं. खोक्यावरचे '१२८ जीबी' फडताळाची लांबी-रुंदी सांगतात. दार किती पटकन उघडतं ते सांगत नाहीत.

हे दार उघडण्याचं काम स्टोरेजच्या प्रकारावर असतं. अगदी स्वस्त फोनांत अजूनही ईएमएमसी नावाचं जुनं तंत्र सापडतं. त्याच्या शेवटच्या, ५.१ आवृत्तीची कमाल मर्यादाच सेकंदाला ४०० एमबी आहे, आणि ते एका वेळी एकतर वाचू शकतं नाहीतर लिहू शकतं. थोडे पैसे जास्त टाकले की यूएफएस २.२ मिळतं. त्याची मर्यादा सेकंदाला हजार एमबीच्या पुढे जाते आणि वाचणं-लिहिणं एकाच वेळी चालतं. त्यामुळे मागे व्हॉट्सॲपवर लग्नाचे फोटो उतरत असताना पुढे बँकेचं ॲप उघडलं, तर ईएमएमसीवाला फोन चक्क थांबतो. यूएफएसवाला रेटून नेतो. आयफोनमध्ये गेली कित्येक वर्षं लॅपटॉपमधल्या वेगवान स्टोरेजच्या, म्हणजे एसएसडीच्या जातीचं, एनव्हीएमई पद्धतीचं स्टोरेज असतं. ॲपल ते जाहिरातीत सांगतही नाही.

त्यात प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू असलेली चिप येते. काकांच्या फोनच्या खोक्यावर 'ऑक्टा-कोर' असं ठळक लिहिलंय. आठ कोर, म्हणजे चिपमधले आठ कामगार! काकूच्या फोनमधल्या ए१५ चिपमध्ये सहाच आहेत. पण स्वस्त चिपमधल्या आठांपैकी साधारणपणे दोनच दमदार असतात, बाकी सहा हलकी कामं सांभाळायला ठेवलेले. आणि ॲप उघडणं हे काम आठ जणांत वाटून होत नाही. त्याचा मोठा भाग एक-दोन कोरच ओढतात. बारा-तेरा हजारांच्या फोनमधला सगळ्यात तगडा कोर आणि ए१५ मधला तगडा कोर यांत अडीच पटींच्या आसपास फरक पडतो. सकाळी पोहे-जिलेबीच्या ठेल्यावर मागे रांग लागलेली असते आणि क्यूआर स्कॅन करायला यूपीआयचं ॲप उघडायचं असतं, तेव्हा हा फरक सेकंदांत दिसतो. रोज पाच-सहा वेळा दिसतो. माझ्या मते फोन चांगला की वाईट हे माणूस याच क्षणांवरून ठरवतो, भले त्याला विचारलं तर तो कॅमेऱ्याचं नाव घेईल.

आता दुकानातली एक खास गंमत. "अंकल, आठ और आठ, सोला जीबी रॅम है!" असं काकांना सांगण्यात आलं होतं. यातले पहिले आठ खरे. दुसरे आठ म्हणजे व्हर्च्युअल रॅम, म्हणजे स्टोरेजमधलाच थोडा भाग रॅमसारखा वापरायची सोय. ओटा भरला म्हणून फडताळाच्या एका कप्प्यालाच ओटा म्हणायचं. वस्तू ठेवायला जागा होते, पण पोळ्या लाटता येत नाहीत. रॅमच्या मानाने स्टोरेज फार हळू असतं, त्यामुळे या सोयीचा फायदा असलाच तर किरकोळ. फोन हळू वाटत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करून बघायला हरकत नाही.

मग ८ जीबीवाल्या काकांना त्रास कुठे होतो? ओटीपीपाशी. रेल्वेचं तिकीट काढताना ते पैसे भरायच्या पानावर येतात, ओटीपी बघायला मेसेजमध्ये जातात, परत येतात, तर ॲप पहिल्यापासून सुरू झालेलं असतं. पुन्हा लॉगिन, पुन्हा प्रवाशांची नावं, पुन्हा कॅप्चा. एवढी मोठी रॅम असून हे व्हायला नको, पण होतं. याचं कारण रॅमच्या आकारात नसून फोनच्या धोरणात आहे.

अँड्रॉइड पहिल्यापासून मोकळ्या स्वभावाचं. मागे गेलेल्या ॲपलाही थोडंफार काम करत राहू देणारं. त्याने बॅटरी संपायला लागली, म्हणून २०१५ साली अँड्रॉइड ६ मध्ये गुगलने 'डोझ' नावाची व्यवस्था आणली, जिच्यात फोन पडून असला की मागची कामं थांबवून ठेवली जातात. काही कंपन्यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी वर स्वतःचे बॅटरी-रक्षक बसवले आणि ते नजरेआड गेलेलं ॲप सरळ मारून टाकतात. जाहिरातीत 'दोन दिवस बॅटरी' लिहिता यावं, ही त्यामागची ओढ. औषधाच्या आठवणीचा गजर न वाजणं, व्हॉट्सॲपचे मेसेज फोन उघडल्यावर एकदम धडाधड येणं, ओटीपीची ही रडकथा, सगळं एकाच घरातलं. उपाय आहे: सेटिंगमध्ये त्या-त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन 'अनिर्बंध' निवडायचं आणि 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करायचं. काकांच्या फोनवर बँक, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप एवढ्यांना सूट दिली आणि कटकट बरीच कमी झाली.

आयफोनचा कारभार कडक, पण सगळ्यांना सारखा. ॲप नजरेआड गेलं की काही सेकंदांत ते गोठवलं जातं. मरत नाही, जिथे होतं तिथे थिजून राहतं. परत आलात की तिथूनच पुढे. मेसेज आल्याची वर्दी ॲपलच्या एका सामायिक सेवेतून येते, त्यासाठी प्रत्येक ॲपने मागे जागं राहायची गरज नसते. म्हणून ४ जीबीत निभावतं. अर्थात ४ जीबी म्हणजे ४ जीबीच. ब्राउझरमध्ये पाच-सात पानं उघडी ठेवून काकू कॅमेरा चालू करते आणि परतते तेव्हा पानं नव्याने लोड होतात. ते ती काकांना सांगत नाही.

स्टोरेजचं आणखी एक. दोन्ही फोनांना सारखंच लागू आहे म्हणून इथेच सांगून टाकते. फ्लॅश मेमरीत नवं लिहायला छोटी-छोटी पानं वापरता येतात, पण जुनं पुसायचं तर पूर्ण ठोकळा एकदम पुसावा लागतो. त्यामुळे आतला चालक सतत मजकूर इकडून तिकडे हलवत असतो आणि त्या हलवाहलवीला मोकळी जागा लागते. फोन काठोकाठ भरला की ही जागा उरत नाही आणि मग सगळंच रखडतं. कुटुंबाच्या तीन, सोसायटीच्या दोन आणि निवृत्त मंडळींच्या एका ग्रुपवरचे सूर्योदय-गुलाब-सुविचार दोन-तीन वर्षं साठले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. दहा-पंधरा टक्के जागा कायम रिकामी ठेवा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'मीडिया ऑटो-डाउनलोड' बंद करा. याला पैसे पडत नाहीत आणि परिणाम नव्या फोनएवढा.

डिस्प्लेबद्दल थोडक्यात. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे एक चित्र तयार करायला फोनकडे १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झला तेच काम ८.३ मिलिसेकंदांत उरकायचं. चिप तेवढी तयारीची नसेल तर मधलं एखादं चित्र गळतं आणि डोळ्याला तो हिसका लगेच कळतो. काकांच्या फोनवर संपर्कांची यादी लोण्यासारखी सरकते, कारण ते काम हलकं आहे. नकाशा किंवा खरेदीचं ॲप सरकवलं की फोन अडखळतो. काकूचा ६० हर्ट्झवाला तितका मऊ नाही, पण अडखळत नाही, आणि सातत्य डोळ्याला बरं वाटतं. खरं सांगायचं तर दमदार चिपबरोबरचे १२० हर्ट्झ ही फार सुखाची गोष्ट आहे. ती बारा हजारांत पुरती मिळत नाही, एवढंच.

कॅमेऱ्यावर मात्र थोडं थांबायला हवं.

मेगापिक्सेल म्हणजे फोटो किती चौकोनांत चिरला जातो त्याची संख्या. फोटो बनतो प्रकाशापासून, आणि एकेका चौकोनात किती प्रकाश पडतो हे त्याच्या आकारावर ठरतं. ५० मेगापिक्सेलच्या बऱ्याच स्वस्त सेन्सरांत एक पिक्सेल, म्हणजे एक चौकोन, ०.६४ मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्याशा चौकोनात काय प्रकाश मावणार? म्हणून फोन चार-चार पिक्सेल एकत्र करून त्यांचा एक मोठा पिक्सेल मानतो, १.२८ मायक्रॉनचा. या जोडणीला बिनिंग म्हणतात. म्हणजे ५० चे चारांनी भाग जाऊन राहिले साडेबारा. खोक्यावर ५० आणि गॅलरीत १२.५! आयफोन १३ च्या मुख्य कॅमेऱ्यात पिक्सेल मुळातच १.७ मायक्रॉनचा आहे. क्षेत्रफळ काढलं तर जोडून केलेल्या पिक्सेलच्या पावणेदोन पट. उरलेले '२ मेगापिक्सेल मॅक्रो', '२ मेगापिक्सेल डेप्थ' हे मागचे गोल फोटोला फारसे उपयोगी नाहीत. ते खोक्यावर 'ट्रिपल कॅमेरा' लिहायच्या कामी येतात.

दुपारच्या उजेडात राजवाड्यासमोर उभं राहून दोन्ही फोनांतून फोटो काढा, फोनच्या पडद्यावर पाहताना तुम्हाला फार फरक सांगता येणार नाही. कधी काकांचाच जास्त चमकदार येतो. प्रकाश मुबलक असला की सगळेच कॅमेरे शहाणे. खरी कसोटी रात्री सराफ्यात लागते. सराफांच्या पेढ्या बंद झाल्यावर खाण्याची दुकानं लागतात, डोक्यावर झगझगीत दिवे, बाजूला काळोख, कढईतून वाफ निघतेय आणि समोरची माणसं हलतायत. आजचे फोन अशा वेळी एक फोटो काढत नाहीत. ते काही क्षणांत पाठोपाठ बरेच फोटो घेतात, कमी उजेडाचे, जास्त उजेडाचे, आणि त्यांतला चांगला चांगला भाग जोडून एक बनवतात. नाइट मोड म्हणजे हेच. स्थिर वस्तूंचं ठीक जमतं. पण या फोटोंच्या मध्ये कुणी हललं, तर ते जोडताना कुठला हात खरा धरायचा हे फोनला क्षणात ठरवावं लागतं. तिथे पुन्हा चिपची ताकद आणि वर्षानुवर्षांची सॉफ्टवेअरची मेहनत कामाला येते.

अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, निघतात तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. झांकी दिव्यांनी उजळलेली, हलती, वर तिच्यातले पुतळेही हलते, आणि आपण गर्दीत धक्के खात हात उंच करून फोटो काढणार. आयफोन १३ मध्ये सेन्सरच सूक्ष्म हलवून हाताचा थरथराट भरून काढायची सोय आहे. स्वस्त फोनांत ती सहसा नसते. काकांचे झांकीचे फोटो रंगीत रेघांसारखे आले. काकूचे दहातले सहा-सात बरे होते. शिवाय बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा वेळ असतोच. नातवंडांचे फोटो काढणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे: हसू असतं तेव्हा बटण दाबतो आणि फोटोत पाठ येते.

इंदूरच्या उन्हाळ्याचा हिशेब तर कंपन्यांनी धरलेलाच नसतो. ॲपल सांगते की आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा. मे महिन्यात दुपारी इथे ४० च्या वर पारा असतो. मग फोन स्वतःला वाचवतो: डिस्प्ले मंद करतो, चिपचा वेग उतरवतो, फ्लॅश बंद करतो, चार्जिंग थांबवतो. हा दोष नाही, लिथियम-आयन बॅटरी गरमीत लवकर म्हातारी होते म्हणून केलेली तजवीज आहे. अँड्रॉइडही तेच करतो. स्कूटरच्या हँडलवर नकाशा लावून दुपारी निघालात तर दोन्ही फोन काही वेळात काळवंडतात. त्याच हँडलबद्दल आणखी एक. कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी यंत्रणा इंजिनाच्या सततच्या कंपनांनी बिघडू शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. मोठ्या मोटारसायकलवर फोन लावूच नये आणि स्कूटर-मोपेडवर लावलाच तर धक्के शोषणारा माउंट वापरावा, असं त्यांचं म्हणणं. काकांच्या फोनात ती यंत्रणाच नाही, त्यामुळे ती बिघडण्याची भीतीही नाही. गरिबीचे असेही फायदे असतात.

बॅटरीत काका सरळ जिंकतात, आणि ते त्यांनी दिवसातून एकदा बोलून दाखवणं रास्तच आहे. ५,००० एमएएच म्हणजे साधारण १९ वॅट-तास ऊर्जा, आयफोन १३ मध्ये १२.४ च्या आसपास. आयफोनचा छोटा डिस्प्ले आणि काटकसरी चिप यांनी ही दरी बरीच बुजते, पण पूर्ण बुजत नाही. त्यात काकूचा फोन जुना. आयफोन १३ ची बॅटरी ५०० वेळा पूर्ण भरून-संपून झाल्यावर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरावी अशा बेताने बनवलेली आहे. रोज एकदा चार्ज केली तरी दीड-दोन वर्षांत तो टप्पा येतो. म्हणजे दादाने वापरून दिलेल्या फोनची बॅटरी काकूच्या हाती येते तेव्हाच थकलेली असते.

आणि थकलेली बॅटरी फक्त लवकर संपते असं नाही, ती फोन हळूही करते. चिपने एकदम जोर लावला की क्षणभर बराच विद्युतप्रवाह लागतो. म्हातारी बॅटरी तो देऊ शकत नाही आणि फोन अचानक बंद पडू शकतो. ते टाळायला आयफोन स्वतःचा वेग आवरतो. हे गुपचूप केलं जात होतं. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने जाहीरपणे मान्य केलं, त्यावरून जगभर गदारोळ झाला आणि मग सेटिंगमध्ये 'बॅटरी हेल्थ' दाखवायला सुरुवात झाली. थोडक्यात, जुना आयफोन मंद वाटू लागला तर फोन बदलण्याआधी बॅटरी बदलून बघावी.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, हा इंदूरचा स्वतःचा प्रश्न आहे. पाण्याचे टँकर, गुलालाच्या तोफा आणि राजवाड्याभोवती मुंगी शिरणार नाही अशी गर्दी. आयफोन १३ ला आयपी६८ दर्जा आहे, म्हणजे ६ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं अशी चाचणी. स्वस्त फोनांत बहुधा शिंतोडे सोसण्यापुरता दर्जा असतो. पण ही चाचणी स्वच्छ पाण्यात, नव्याकोऱ्या फोनवर होते. रंगाचं पाणी वेगळं, आणि चार वर्षांत आतले गोंद-रबर सैल होतात. पाणी शिरलं तर ते वॉरंटीतही बसत नाही. दोन्ही फोन प्लास्टिकच्या पिशवीतच बरे.

आता काकांची बाजू, कारण एवढं वाचून त्यांना वाईट वाटेल.

त्यांचा डिस्प्ले पावणेसात इंचांचा आहे, काकूचा ६.१ चा. साठी उलटलेल्या डोळ्यांना हा फरक बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. अक्षरं मोठी करून काकूच्या फोनवर एका ओळीत चार शब्द मावतात. दुसरं म्हणजे 'मागे' जाणं. अँड्रॉइडवर कुठल्याही ॲपमध्ये एकच खूण चालते, हवं तर खाली तीन बटणंही ठेवता येतात. आयफोनवर कुठे डावीकडून बोट सरकवायचं, कुठे वरच्या कोपऱ्यातला बाण, कुठे 'डन', कुठे खाली ओढायचं. तरुणांना हे लक्षातही येत नाही. काकू पहिले काही आठवडे याच कारणाने वैतागलेली होती, आणि अजूनही एखाद्या पानात अडकली की "अगं, इथून बाहेर कसं पडू?" असं ओरडते. काकांच्या फोनात दोन सिम सरळ घालता येतात. भारतातल्या आयफोन १३ मध्ये सिमचा खाचा एकच, दुसरा नंबर ई-सिमवर, म्हणजे फोनच्या आतच असलेल्या, कार्डाविनाच्या सिमवर घ्यावा लागतो. मेमरी कार्ड, गोल पिनचा इअरफोन, कुणाच्याही घरात सापडणारी टाइप-सी केबल, हे सगळं काकांकडे. आयफोन १३ चं चार्जर-तोंड जुनं लाइटनिंगचं आहे, टाइप-सी आयफोनला मिळालं ते २०२३ च्या आयफोन १५ पासून.

मराठी लिहिण्यात मी काकांच्या बाजूने आहे. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठी बोलून टाइप करायची सोय आणली आणि अँड्रॉइडच्या कीबोर्डमध्ये ती हाताशीच असते. इंदुरी मराठीने तिचीही फे-फे उडते, कारण आपल्या एका वाक्यात "भाजी घेऊन येते, मग फुरसतीत बात करू" असं दोन्ही भाषांचं लग्न लागलेलं असतं. तरी चार ओळींचा मेसेज पाठवण्याइतकं ते नीट चालतं.

स्वस्त फोनात लॉक स्क्रीनवर बातम्या, सूचनांत ऑफर, गेम खेळा म्हणून आग्रह येतो, त्याचं कारण फोनच्या किमतीत आहे. शाओमीने २०१८ मध्ये जाहीरच केलं होतं की उपकरणांवरचा निव्वळ नफा ५ टक्क्यांच्या वर नेणार नाही. फोन विकून एवढंच मिळवायचं तर बाकीचं सेवा आणि जाहिरातींतून यायला हवं, आणि या वर्गातल्या बहुतेक कंपन्यांचं गणित असंच चालतं. सेटिंगमध्ये शोधून बऱ्याच जाहिराती बंद करता येतात. घरातल्या एखाद्या मुलाला अर्धा तास बसवा.

अपडेटचा मुद्दा वर्षांचा आहे. २०१९ च्या आयफोन ११ लासुद्धा सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही आवृत्ती मिळाली. स्वस्त अँड्रॉइडला पूर्वी एक-दोन मोठे अपडेट मिळाले तरी नशीब म्हणायचं. आता चित्र बदलतंय. गुगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांचं वचन दिलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या वीस हजारांच्या आतल्या फोनलाही सहा वर्षं दिली. बँकेची ॲप्स जुन्या, सुरक्षेचे अपडेट बंद पडलेल्या फोनवर चालेनाशी होतात, म्हणून नवा फोन घेताना मेगापिक्सेलच्या आधी हा आकडा विचारा. काउंटरवर तो बहुधा पाठ नसतो. कंपनीच्या वेबसाइटवर मिळतो.

तर मग घ्यायचा कुठला? घरातला फोन फुकट मिळत असेल, लेकाने नीट वापरलेला असेल, तर नवी बॅटरी घालून तो ठेवून घ्यावा, असं माझं मत. आई-बाबांची अँड्रॉइडची सवय पक्की असेल आणि शिकवायला घरात कुणी नसेल, तर मात्र त्याच पैशांत यूएफएस स्टोरेजचा, लांब अपडेटवाला नवा अँड्रॉइड बरा. दुकानात गेलात तर नमुन्याच्या फोनवर कॅमेरा, नकाशा, ब्राउझर एकामागून एक उघडा, पहिल्यावर परत या, आणि पहिलं ॲप जिथे सोडलं तिथेच आहे का ते बघा. अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळून हलत्या माणसाचा एक फोटो काढा. फोन तपासायला एवढं पुष्कळ झालं.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲपच्या गप्पा नेता येतात. २०२२ पासून 'मूव्ह टू आयओएस' या ॲपमधून ती सोय आहे, पण आयफोन कोरा, म्हणजे नवा किंवा पूर्ण पुसलेला असताना. आधी सगळं लावून बसलात आणि मग आठवलं, तर पुन्हा पुसावं लागतं. बॅकअपसाठी गुगलवर १५ जीबी मोफत, आयक्लाउडवर ५ जीबी, हेही ध्यानात असू द्या.

आणि वापरलेला आयफोन घरातला नसून बाजारातून घेणार असाल, तर पैसे देण्याआधी चार गोष्टी. सेटिंगमध्ये बॅटरी हेल्थ बघा. 'अबाउट'मध्ये बदललेल्या भागांची नोंद असते, तिथे डिस्प्ले-बॅटरीपुढे 'अननोन पार्ट' आलंय का ते पाहा. आधीच्या मालकाला समोर बसवून त्याच्या ॲपल खात्यातून फोन मोकळा करून घ्या, नाहीतर तो तुमच्या हातात नुसती वीट. आणि *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून काळ्या यादीत असेल तर उत्तरात तसं येतं. दुकानदार "अरे भिया, भरोसा रखो" म्हणाला तरी उत्तर आल्यावरच खिशात हात घाला.